वरून मोजलेल्या पिना

निवृत्त ग्रंथपाल तीस वर्षांत सासूबाईंशी आपणहून तीनच वाक्यं बोलले होते, आणि त्यातली दोन "तब्येत बरी आहे ना?" हीच होती. तिसरं मागच्या महिन्यात तोंडातून निसटलं. मेहुणा आईचा जुना, व्हॉल्व्हचा रेडिओ भंगारात काढायला निघाला होता. सासूबाई काही न बोलता त्याची काच पुसत बसल्या होत्या. ते बघून ग्रंथपाल म्हणाले, "राहू द्या, तुमच्या पंचाहत्तरीला मी वाजवून दाखवतो."

"आणि नाही वाजला, तर त्याच संध्याकाळी मी भंगारात नेणार," मेहुण्याने तिथल्या तिथे निकाल लावला.

आज पंचाहत्तरी होती, तीही ग्रंथपालांच्याच घरी. पाहुणे पाचला येणार होते, आणि चार वाजले होते.

तसा बिघाड एवढासाच. एका व्हॉल्व्हचं सॉकेट तडकलं होतं. ज्या बैठकीच्या आठ भोकांत व्हॉल्व्हच्या आठ पिना बसतात, ती बैठक. नवं सॉकेट बसवायचं आणि कुठली तार कुठल्या पिनेला ते पुस्तकात बघून जोडायचं. पुस्तकही घरातच होतं. पस्तीस वर्षांत एकदाही कुणी नेलं नाही म्हणून वाचनालयाने निवृत्तीच्या दिवशी त्यांनाच भेट देऊन टाकलं होतं. ग्रंथपालांनी सॉकेट टेबलावर उभं ठेवलं, वरून बघत मधल्या खाचेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक ते आठ मोजले आणि पेन्सिलीने आकडे घातले. तीनदा मोजले. चौथ्यांदा मोजायला लागले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आठच आहेत. वाढणार नाहीत."

तारा सोल्डर करून झाल्या, व्हॉल्व्ह बसला. ग्रंथपालांनी डोळे मिटून बटण दाबलं.

"लागला!" बायको ओरडली.

व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी उजेड पडला होता. आवाज मात्र जराही नाही.

"छान आहे," मेहुणा आईसाठी भेट आणलेल्या, बटण दाबलं की जुनी गाणी वाजवणाऱ्या नव्या पेटीचा खोका छातीशी धरून दारातच उभा होता. "भावोजी, एखादी कादंबरी द्या. या उजेडात वाचत बसतो."

ग्रंथपाल विचारात पडले. दिवा लागला म्हणजे जोडणी बरोबर. त्यात शंकाच नको. मग उरली एरियल. त्यांनी एरियलची तार लांबवून खिडकीबाहेर सोडली आणि वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या, खाली लोंबणाऱ्या कपड्यांच्या दोरीला पक्की गाठ मारली. गाठी त्यांच्या नेहमीच पक्क्या असत.

शिक्षिकाबाईंनी नेमकी तेव्हाच दोरी वर ओढली.

रेडिओ टेबलावरून खिडकीकडे चालू लागला. सुरुवातीला सावकाश, मग घाईघाईने. "अहो, निघाला तो!" बायको किंचाळली. मेहुण्याने हातातलं सगळं टाकून झेप घेतली आणि रेडिओला अगदी टेबलाच्या कडेला अडवून मिठी मारली. हातातलं सगळं म्हणजे गाण्यांची नवी पेटी. तिने जमिनीवर पडताना जो आवाज केला, तो तिचा पहिला आणि शेवटचा.

"वा!" कमरेवर हात ठेवून बायको म्हणाली. "एक वाजत नाही, दुसरी वाजणार नाही. आता पाहुण्यांपुढे मी गाऊ?"

"नको, नको," दोघे पुरुष एकदमच म्हणाले.

गोंगाट ऐकून सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी फुटक्या पेटीकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही. चष्मा लावला आणि रेडिओच्या मागच्या बाजूने आत डोकावल्या.

"पिना कुठून मोजल्यात?"

"व... वरून," ग्रंथपाल म्हणाले.

"तरीच. खालून मोजायच्या असतात, जिकडून तारा जोडतात तिकडून. वरून मोजल्या की सगळं उलट. एकाच्या जागी आठ, तीनच्या जागी सहा."

"पण दिवा लागला ना!"

"दिव्याच्या पिना दोन आणि सात. त्यांची अदलाबदल झाली तरी तो लागतोच. फसवतो मेला. पहिल्या आठवड्यात मलाही फसवलं होतं."

"तुला?" मेहुण्याचा आ वासलेलाच राहिला.

"लग्नाआधी सहा वर्षं रेडिओच्या कारखान्यात हीच सॉकेटं जोडत होते. हा रेडिओही मीच जोडलेला."

"आई, कधी बोलली नाहीस!"

"विचारलंत कधी? सरळ भंगारवाल्याला विचारलंत. प्लग काढा आधी. आणि लगेच हात घालू नका, आतली वीज जायला वेळ लागतो."

पाहुणे आले तेव्हा उत्सवमूर्ती हातात सोल्डरिंगची सळई घेऊन बसल्या होत्या आणि जावई बॅटरी धरून उभे होते. "खालून मोजा, हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की," त्या तारेला फुंकर घालत म्हणाल्या.

ग्रंथपालांच्या वर्मी लागलं. "मी शब्द न् शब्द वाचलाय."

"आणा बघू."

सासूबाईंनी पहिलं पान खिडकीच्या उजेडात धरलं. तिथे परतीच्या तारखांची कोरी चिठ्ठी डकवलेली होती, चारी कोपरे चोख, सुरकुती नाही. तिच्यातून खाली झाकली गेलेली ओळ अंधुक दिसत होती: पिनांच्या सर्व आकृत्या खालून पाहिल्याप्रमाणे आहेत.

"कुणी चिकटवली ही?"

ग्रंथपालांनी बॅटरी बंद केली आणि म्हणाले, "खळ चांगली होती तेव्हा."

साडेपाचला रेडिओ खाकरला आणि बोलू लागला. गाणी नव्हतीच, कुणी तज्ज्ञ मधमाश्या पाळण्याविषयी माहिती देत होते. पण वीस पाहुण्यांनी ती श्वास रोखून ऐकली आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जास्त टाळ्या मेहुण्याने वाजवल्या.

मुलाबरोबर घरी निघताना सासूबाईंनी पुस्तक काखेत मारलं. "हे मी नेते. चाळीन म्हणते."

ग्रंथपालांनी खिशातून पेन काढलं, कोऱ्या चिठ्ठीवर वळणदार अक्षरात पहिली तारीख घातली आणि सासूबाईंशी आपणहून चौथं वाक्य बोलले.

"पंधरा दिवसांत परत आणा हं."