झटका मशीन आणि आईचे तीळ

गावात दुरुस्ती केंद्र काढायचं तर आधी अवजारं नीट निवडायची, एवढाच माझा निर्णय होता. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लाज मागाहून आली आणि अजून गेलेली नाही.

मी रुडकीला शिकलो, बंगळुरात दोन वर्षं नोकरी केली आणि नार्नूरजवळच्या आमच्या गावी परत आलो. पंपाचा स्टार्टर बिघडला की लोकांनी आदिलाबादला का धावायचं? सर्किट बोर्ड इथेच दुरुस्त झाला पाहिजे! (हे मी बसथांब्यावर अनोळखी माणसांनाही ऐकवत असे. बस दिसण्याआधीच ती उठून उभी राहत.)

गावात पंढरी आधीपासून रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत होता. पंचवीस वॉटचा सोल्डरिंग आयर्न, डबीत राळ, कथिलाची तार आणि झिजलेला टूथब्रश, एवढंच त्याचं दुकान. त्याला सल्ला विचारला तर म्हणाला, "पह्यले साधा आयर्न घे भार्गवभाऊ. हात बसू दे."

मला त्याची कीव आली. (कीव! आता आठवलं की कान तापतात.) मी तीन आठवडे तक्ते मांडून किटं तोलली आणि मिनिटाला एकशेवीस लिटर गरम हवा फेकणारं स्टेशन मागवलं. बाकीच्यांची हवा कमी होती, म्हणून हे चांगलं. इतकं सोपं गणित चौदा रकान्यांत मांडायला उच्च शिक्षणच लागतं.

पार्सल उघडतोय तोच शेजारच्या बयनामावशी कुंपणाचं झटका मशीन कडेवर घेऊन आल्या. हे मशीन तारेत झटका सोडतं आणि रानडुकरं शेताबाहेर राहतात. ते टकटक करत होतं, पण तारेत झटका येत नव्हता.

"रात्री डुकरं घुसली बाबू. चार ओळी ज्वारी लोळवली. आज दिवस बुडायच्या आत चालू नाई झालं तं मले हुरडाबी नाई दिसत."

"तासाभरात देतो मावशी."

"पंढरीकडं नेऊ का?"

"त्याच्याकडे हॉट एअर नाही."

"ते काय असते?"

मी सांगितलं. वीस मिनिटं सांगितलं. "बरं बाप्पा, कर," म्हणून मावशी निघून गेल्या, बहुधा मी थांबावं म्हणून.

ओसरीवर आई संक्रांतीसाठी धुतलेले तीळ चादरीवर पसरून निवडत बसली होती. तिच्या शेजारीच मी टेबल मांडलं, स्थिर वीज उतरवायचा पट्टा मनगटाला बांधला, भिंग लावलं. बोर्डावरचे भाग तिळाएवढे, काही त्याहून लहान. कुठला तरी कथिलाचा डाग, म्हणजे जोड, सुटला असणार, असं काही न तपासताच माझ्या ज्ञानाने मला सांगितलं. सगळ्या बोर्डाला गरम हवा द्यायची, कथील वितळेल, डाग आपोआप बसतील. मी नळीला बारीक तोंड न लावता हवेचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

कथील वितळलं. डाग बसण्याऐवजी भाग उठले. भिंगातून बोर्ड एकदम स्वच्छ दिसायला लागला आणि क्षणभर (खरं सांगतो) मला अभिमान वाटला.

मग तासभर मी टेबलाखाली, सतरंजीखाली, स्वतःच्या खिशात शोधलं. शेवटी आईला विचारावंच लागलं.

"आई, तिळात काही पडलं का?"

"काळे खडे? लय निघाले यंदा. म्या निवडून फेकले बी."

"कुठं?"

आईने अंगणाकडे बोट केलं. तिथे बयनामावशींची तांबडी कोंबडी काहीतरी टिपून, मान वर करून माझ्याकडे पाहत होती.

तेवढ्यात मावशी आल्याच. "झालं का बाबू?"

"मावशी... भाग उडाले. कोंबडीने खाल्ले."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे. "मंग आता हिलेच बांधू का कुंपणाले?"

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नव्हतं. चार महिन्यांची मेहनत होती त्यांची.

बोर्ड रुमालात बांधून, मशीन बॅटरीसकट उचलून मी मावशींच्या मागोमाग पंढरीकडे गेलो. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "बॅटरीचे टोकं घासले होते का?"

"नाही."

टोकांवर हिरवा थर चढला होता. पंढरीने तो नखाने खरवडून दाखवला. "हेच होतं. बाकी मशीन चांगलं होतं."

"होतं," मावशी म्हणाल्या.

"पंढरीदादा, चुकलो मी."

"टॉर्च धर."

त्याने पोत्यातून त्याच कंपनीचं, गावातल्या महिपतचं ट्रॅक्टरखाली चेपलेलं मशीन काढलं आणि त्यातला एकेक भाग उचलून आमच्या बोर्डावर बसवायला सुरुवात केली. एका हातात सुई, दुसऱ्या हातात तोच पंचवीस वॉटचा आयर्न. "अलीकडं धर. अन् श्वास तिकडं सोड भाऊ, उडून जातीन हे."

मी श्वास तिकडे सोडत राहिलो.

दिवस कलायला लागला तेव्हा आम्ही शेतात होतो. पंढरीने तारा जोडल्या, बटण दाबलं. मशीन टकटक करू लागलं.

"टकटक तं कालबी करून राह्यलं होतं," मावशी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभ्या राहून म्हणाल्या. "तारेत येते का ते पाहा."

तारेला टेकवून झटका तपासायला पंढरी गवताची काडी शोधत वाकला. पण मला प्रायश्चित्त घ्यायची घाई झाली होती. "थांबा, मी पाहतो," म्हणून मी सरळ तारेला हात लावला.

पुढच्या क्षणी मी ज्वारीत बसलेलो होतो, एक चप्पल धुऱ्यापलीकडे.

मावशींनी कान देऊन ऐकलं. टकटक चालूच होती. त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला.

"पंढरी, मजबूत केलं रे बाप्पा! भार्गवनं हात लावला तरी बंद नाई पडलं."