आवाजबाईंचं गाळणं

"शिकवणं म्हणजे असतं काय हो? बोलायचंच ना? मग झालं तर!"

आवाजबाईंनी घरात असं जाहीर केलं, तेव्हा ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. बस स्थानकातल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून त्या वर्षानुवर्षं घोषणा करत आल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली रद्द झाली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, सगळं त्यांच्याच तोंडून बाहेर पडायचं आणि अख्खं गाव सामान उचलून पळत सुटायचं. त्यांचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. म्हणून तर त्यांचं नाव आवाजबाई पडलं. एवढी गर्दी हलवणारी बाई वर्गभर पोरांना काय भिणार?

शिक्षिका व्हायचं खूळ तसं जुनंच. पण स्थानकात यंत्र बसलं तेव्हा त्याला धार आली. साहेबांनी गोड बोलून बाईंकडून एकेक आकडा, एकेक गाव, एकेक वाक्य सावकाश म्हणवून घेतलं, यंत्रात भरलं आणि तितक्याच गोडीने सांगितलं, की उद्यापासून आपण नाही आलात तरी चालेल. बाईंच्या खुर्चीत कुणी परकं आलं असतं तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. इथे त्यांचाच आवाज येऊन बसला होता. भांडायचं कुणाशी?

विद्यापीठाच्या शिक्षक प्रशिक्षण वर्गाला वयाची अट होती आणि बाईंसाठी हे शेवटचं वर्ष होतं. लेखी परीक्षा त्यांनी झोकात पार पाडली. आता उरला होता नमुना पाठ. खरी मुलं, समोर तीन परीक्षक आणि विषय 'सावली लहानमोठी का होते'.

सराव घरीच करायचं ठरलं. घड्याळं दुरुस्त करणारे यजमान, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी लेक अशी मंडळी ओळीने बसली. बाई उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि आतून काहीच येईना. समोर सहा डोळे होते हो! ऐकणाऱ्याचं तोंड कसं असतं हे बाईंनी आजवर पाहिलंच नव्हतं. त्या घाबरून भिंतीकडे वळल्या, आणि काय आश्चर्य, आवाज खणखणीत सुटला. सूर्य, सकाळ, सावली, सगळं ओघाने आलं.

"उत्तम शिकवलंस," यजमान म्हणाले, "पण भिंतीला."

निदान लेकीने केलं. "आई, तुला माणसं नकोत, माइक हवाय. तोंडासमोर ती जाळी असली की तू बोलतेस."

सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं गाळणं घेऊन आल्या. बाईंनी ते नाकासमोर धरलं, त्या बारीक जाळीवर नजर रोवली आणि पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणून दाखवला. मंडळी थक्क झाली. तेव्हापासून गाळणं बाईंच्या हातातून सुटेना, आणि घरचा चहा न गाळताच कपात पडू लागला.

"लवकर शिक्षिका हो बाई," सासूबाई दात कोरत म्हणाल्या. "तोंडात चहाची पूड घेऊन मरायचं नाहीये मला."

बेत असा ठरला, की गाळणं उघड्या वहीच्या आड धरायचं. लोकांना वाटेल बाई टाचण बघताहेत.

पाठाच्या दिवशी बाईंनी खोलीत पाऊल टाकलं. लांबलचक टेबलामागे तीन परीक्षक होते. मधे चष्म्यावरून बघणाऱ्या विभागप्रमुख मॅडम, एका बाजूला सारखं काहीतरी लिहिणारे सर आणि दुसऱ्या बाजूला मांडीवर पिशवी घेतलेले एक वयस्क प्राध्यापक. बाकांवर मुलं. आणि प्रत्येकाला डोळे!

पिशवी उघडताना सावली पाडायला आणलेला चेंडू निसटला आणि टप्पे घेत कपाटाखाली गेला. टॉर्च तेवढा हातात राहिला. बाईंनी घाईघाईने वही उघडली, तिच्याआड गाळणं धरलं, डोळे मिटले आणि देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं. सवयीने जे यायचं तेच आलं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

वयस्क प्राध्यापक ताडकन उठले. पिशवी खांद्याला लावून ते दाराकडे निघाले. सर चालले म्हटल्यावर मुलांनीही दप्तरं पाठीला अडकवली आणि त्यांच्यामागे रांग धरली. कडीला हात लागल्यावर प्राध्यापकांना आपण कुठे आहोत ते कळलं.

"बसा हो सर," मॅडम म्हणाल्या.

प्राध्यापक बसले नाहीत. ते बाईंकडे बघतच राहिले. "तो आवाज... ते तुम्ही?"

"हो सर."

"मी रोज तुमच्या भरवशावर जातो-येतो हो," प्राध्यापक म्हणाले. देव भेटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

या गोंधळात बाईंच्या हातून वही पडली. आता नाकासमोर नुसतं गाळणं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"बाई, चहाचं गाळणं कशाला?" पुढच्या बाकावर परतलेल्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

काय सांगणार? तुमच्या तोंडाची भीती वाटते म्हणून? "सांगते हं," म्हणून बाईंनी वेळ मारून नेली, आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून गाळण्यामागेच टॉर्च लावला.

समोरच्या भिंतीवर भलीमोठी जाळी पसरली. ती छताला टेकली, नकाशावरून गेली, मुलांच्या शर्टांवर उतरली. तिन्ही परीक्षक माना वर करून बघत होते, आणि सगळ्यांत मोठा आ बाईंचाच होता. घरातलं ते टीचभर गाळणं! त्यांनी हात जरा हलवला, तशी जाळी फुगली.

"बाई, टॉर्चजवळ नेलं की मोठी होतेय," वेण्यावाली म्हणाली.

"आणि लांब नेलं तर?"

विचारून झाल्यावर बाईंच्या ध्यानात आलं, की आपण थेट त्या पोरीच्या डोळ्यांत बघून बोललो. पोरगी विचार करत होती. कपाळाला आठी पडली, ओठ मुडपले, आणि मग हळूहळू सगळा चेहरा उजळला. "लहान होणार!" इतकी वर्षं त्या बोलत आल्या होत्या, पण बोललेलं पुढे कुठे जातं हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. ते इथे पोचतं तर! अशा एखाद्या चेहऱ्यावर. त्यांना तिथेच बसून पोटभर रडावंसं वाटलं, पण हात वर उचलून सगळी मुलं वाट बघत होती.

पाठ संपला तेव्हा मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे साधन सुचलं कुठून तुम्हाला?"

"घरातूनच," बाई म्हणाल्या. हे अगदी खरं होतं.

"आणि वही मुद्दाम खाली टाकलीत. मुलांची उत्सुकता वाढावी म्हणून."

लिहिणाऱ्या सरांनी ते लिहून घेतलं. "पण ते प्रवाशांचं काय?"

"अहो, लक्ष वेधून घ्यायला," मॅडमनीच परस्पर उत्तर दिलं. "पाहिलंत ना, आपले सर दारापर्यंत गेले."

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. न बोलता काम होण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

प्रवेश मिळाला. सोबत सूचना आली, की पहिल्या दिवशी सर्व प्रशिक्षणार्थींनी एकेक गाळणं घेऊन यावं.

"म्हणजे ते काही आता परत मिळत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि नवीन आणायला स्वतःच बाजारात गेल्या.

पहिल्या दिवशी बाई स्थानकावर लवकर पोचल्या. प्रवासी म्हणून त्या तिथे प्रथमच उभ्या होत्या. इतक्यात डोक्यावरचा कर्णा बोलला, "विद्यापीठाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे." काय तो आवाज! किती स्पष्ट, किती ठाम! सगळी माणसं निमूट तीनकडे वळली, आणि बाईही भारावून त्यांच्यामागे गेल्या. शेजारी ते वयस्क प्राध्यापक येऊन उभे राहिले. त्यांनी आदराने मान लववली.

मग गाडी आली, पाचवर लागली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

"इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा चुकलात तुम्ही," प्राध्यापक दुखावल्या सुरात म्हणाले.

"सर, मी तर इथे उभी आहे."

वर्ग भरून बराच वेळ झाल्यावर दोघं दारात पोचले. आत सगळे हातात गाळणी धरून बसले होते. प्राध्यापक बाईंच्या मागे लपले.

"उशीर?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"गाडी दुसऱ्याच फलाटावर लागली, मॅडम."

"घोषणा नाही ऐकलीत?"

"ऐकली ना," बाई खाली बघत म्हणाल्या. "माझ्याच आवाजात होती. म्हणून तर विश्वास ठेवला."