सात संचालकांचं रॉकेट

विज्ञान हा निरीक्षणाचा विषय आहे, आणि निरीक्षण वेळेत व्हायचं असेल तर ते आधीच करून ठेवलेलं बरं. निपाणीजवळच्या एका हायस्कुलात परशराम सरांनी हे तत्त्व सहा वर्षं निष्ठेनं पाळलं. (नोकरी तेवढी कायम व्हायची राहिली होती.)

१९८४ साली वरून कागद आला: रॉकेटची प्रतिकृती करून न्यूटनचा तिसरा नियम शिकवावा. शुक्रवारी चिकोडीहून साहेब तपासणीला येणार होते. तपासणी पार पडली तर सर कायम, न्हाय तर घरी. सरांनी जन्मात एकच वस्तू उडवली होती, पतंग. तोही धाकट्या भावानं वर नेऊन हातात दिलेला.

रॉकेट पुठ्ठ्याचं झालं, पोटात दिवाळीच्या बाणाची दारू. (मुलांनी हात लावायचा नव्हता, हात लावला की विज्ञान बिघडतं.) पंख्यावर देणगीदारांची घालतात तशी संस्थेच्या सातही संचालकांची नावं त्यावर ऑइलपेंटनं घातली. सीमाभाग पडला, म्हणून एका अंगाला मराठीत, दुसऱ्या अंगाला कन्नडात. अक्षरांची उंची फुटपट्टी लावून सारखी, वर रंगाचे दोन हात. कोरं रॉकेट शंभर ग्रॅम होतं. सन्मानासकट दोनशे साठ भरलं.

मग वह्या. गुरुवारीच बेचाळीस जणांना फळ्यावरून उतरवून घ्यायला लावलं: ‘निरीक्षण: रॉकेट सरळ वर गेले. उंची: १२० फूट. अनुमान: नियम सिद्ध झाला.’ खाली सरांची सही, तारीख शुक्रवारची. सुलानं मात्र निरीक्षणाची जागा कोरी ठेवली.

“का गं, हात दुखतोय व्हय?”

“सर, अजून उडलंय कुठं?”

“उद्या उडणारच की!”

“मग उद्याच लिवते की.”

शुक्रवारी वात पेटली. फुस्स झालं, धूर आला, धूर गेला. सातही संचालक दोन्ही भाषांत जमिनीवरच होते.

“काय झालं हो?” साहेबांनी विचारलं.

“क्रिया झाली, साहेब,” सर घाम पुसत म्हणाले. “प्रतिक्रिया येईल.”

साहेबांनी वह्या मागवल्या. तपासणीच्या फॉर्मात आभाळाचा रकाना नव्हता, वह्यांचा होता. एक्केचाळीस वह्यांत रॉकेट १२० फूट गेलं होतं, एक इंच कमी न्हाय की जास्त न्हाय. बेचाळिसावीत ओली शाई होती: ‘उंची: शून्य. कारण: नावं जड झाली.’

“ही पोरगी काय म्हणतीया?”

सरांना वाटलं, सांगून टाकावं: साहेब, सहा वर्षांत माझ्या वर्गात विज्ञान शिकलेली ही एवढीच. तसं सांगायला तोंड उघडलंही.

“नजर अधू हाय तिची,” ते म्हणाले. “चष्म्याचं सांगितलंय घरी.”

सर कायम झाले. सुलाला दहापैकी शून्य आणि पुढचा बाक मिळाला.

वाचकांनी सरांना खुशाल हसावं. तुमच्या शाळेत लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर ९.८ आलं होतं ना? बरोबरच आलं असणार. त्या दिवशी दोऱ्याला गोळा बांधला होता का, तेवढं फक्त आठवून बघा.