जगाला टक्कल पडलं तेव्हा

"तुमच्या गेममध्ये एवढं गवत कशाला? आणि ते कापून टाकलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

प्रश्न टाइप करून झाला होता, पण तो पाठवायला झिपरीचं बोट काही धजेना. तिच्या दोन्ही खांद्यांवरून दोन मैत्रिणी स्क्रीनमध्ये डोकावत होत्या. एक चश्मिस आणि दुसरी भोंगा, जिचं कुजबुजणंही शेजारच्या घरात ऐकू जायचं.

"दाब की! पैज लागलीय," भोंगा कुजबुजली.

"घाबरली," चश्मिस म्हणाली. "वर्गात हात वर करायला लागली म्हणजे शूर झाली असं नाही काही."

हे मात्र झोंबलं. याच वर्षी कुठे झिपरी वर्गात हात वर करायला लागली होती, आणि एकदा वर गेलेला हात मुकाट्याने खाली घेणं तिला आता कमीपणाचं वाटायचं. तिने प्रश्नाखाली स्वतःच्या मनाने आणखी एक ओळ ठोकली: "ज्याने कुणी हे गवत काढलंय, त्याला दुसरं काही काढता येत नव्हतं का?" आणि डोळे मिटून बटण दाबलं.

त्या गेममध्ये हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात हिंडायची. कुणी तिरंदाज, कुणी वैद्य, कुणी चोर. झिपरी तिरंदाज होती आणि तिथे तिचं नाव होतं 'घार'. गवतात दबा धरून बसलेला शत्रू कुणालाच दिसत नसे, घारीला मात्र कोसभरावरून दिसायचा. ही कीर्ती त्याच दिवशी दुपारी धुळीला मिळाली होती, कारण मैत्रिणी पहिल्यांदाच तिच्या घरी खेळायला आल्या होत्या.

"अगं, तुझं गवत कुठंय?" स्क्रीन बघून चश्मिसने विचारलं होतं.

"कसलं गवत?"

"आम्ही ज्यात लपतो ते!"

"तुम्ही लपता? मला वाटायचं, तुम्ही उठाबशा काढता."

झिपरीचं मशीन म्हणजे बाबांच्या ऑफिसने निवृत्त केलेला कॉम्प्युटर. गेम सुरू केला की तो दम लागल्यासारखा धापा टाकायचा. म्हणून तिने चित्रांची सगळी बटणं पार तळाला नेऊन ठेवली होती. झाडं म्हणजे काठ्या, तळं म्हणजे निळी फरशी, आणि गवत तर मुळी नव्हतंच. घारीची नजर वगैरे काही नव्हती. तिच्या जगाला टक्कल होतं, इतकंच. त्यावरून चिडवता चिडवता पैज लागली होती: हिंमत असेल तर गेमवाल्यांनाच विचार, गवत हवंच कशाला.

तरीही ती रोज खेळायची, आणि त्याला कारण होतं ताई. हा गेम बनवणाऱ्या कंपनीत ताई चित्रकार म्हणून लागली, दूरच्या शहरात गेली, आणि घरातली एक खोली एकदम मोठी झाली. झिपरी त्या खेळातल्या गल्लीबोळांतून ताईला शोधत फिरायची. "हा राजवाडा तू काढलास?" ती फोनवर विचारायची. "नाही ग." "मग हा अजगर?" "तोही नाही." "मग काय काढतेस तू?" यावर ताई नुसती हसायची. "राहू दे. तुला नाही दिसणार ते."

वेण्या घालणारी ताई गेल्यापासून सकाळचे हालही विचारू नका. झिपरीचे केस कुणाच्या बापाला न जुमानणारे, आणि यात बाबाही आले. त्यांनी एकदा वेणी घालून पाहिली. ती सोडवायला शाळेतल्या तीन मुली लागल्या. आईला पहाटेच कामाला निघावं लागायचं. झिपरी स्वतः घालायची तेव्हा एक वेणी कानाजवळून निघायची, तर दुसरी थेट मागून. शेवटी वैतागून तिने जाहीर करून टाकलं होतं, की पुढच्या रविवारी पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापणार. आईबाबांनी इतक्या आनंदाने होकार दिला, की तिला जरा रागच आला.

तर, प्रश्न गेला. गवतात लपलेल्या कुणाकडून ना कुणाकडून मार खाल्लेले खेळाडू जगात थोडेथोडके नव्हते. त्या सगळ्यांनी प्रश्नाला भराभर मतं दिली. दर शनिवारी गेमवाले लाइव्ह यायचे आणि सगळ्यांत जास्त मतांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे. त्या संध्याकाळी त्यांच्या टोपीवाल्या साहेबांनी घारीचा प्रश्न मोठ्याने वाचला.

"प्रश्न रास्त आहे," ते म्हणाले. "गवताने जग सुंदर दिसतं. पण साध्या मशीनवर ते दिसत नाही, म्हणून त्या खेळाडूंना फुकटचा फायदा होतो. सगळ्यांना दाखवावं, तर साधी मशीनं जागच्या जागी बसतील. दिसायला देखणं आणि खेळायला सरळ, दोन्ही एकदम मिळत नाही. तेव्हा प्रयोग करू. बुधवारपासून गवत सगळ्यांसाठीच बंद!"

भोंगा अशी किंचाळली, की खालच्या मजल्यावरच्या काकांनी छताला काठी ठोकली.

बुधवारी गवत गेलं. गुरुवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत दोघी मैत्रिणी तोंडं पाडून बसल्या होत्या.

"काही मजाच राहिली नाही," चश्मिस म्हणाली. "सगळे सगळ्यांना दिसतात. काल शत्रू समोर आला. तो आमच्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे."

"आणि तो डोंगराचा उतार!" भोंगा म्हणाली, आणि काय आश्चर्य, खरोखरच हळू आवाजात म्हणाली. "आपण तिथे दबा धरून बसायचो ना, तेव्हा वारा यायचा आणि अख्खा उतार हलायचा. शत्रू शेजारून निघून जायचा आणि आपण आपले बघतच बसायचो."

"मी नव्हते बघत," झिपरी म्हणाली.

घरी येऊन तिने गेम उघडला. त्या उताराच्या टोकाशी घारीला नेऊन उभी केली. उतार कालही बोडका होता आणि आजही बोडकाच होता. सगळं जग हळहळत होतं आणि तिच्या स्क्रीनवर तसूभरही फरक नव्हता. आपण न पाहिलेली गोष्ट आपणच घालवली, आणि आता ती गेलेलीही आपल्याला दिसत नाही, हे तिला फार लागलं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला.

"काय ग, आवाज का असा?"

"काही नाही आई. माझं काम काढून टाकलं."

"नोकरी गेली?" बाबा खुर्चीतून उठलेच.

"नोकरी नाही बाबा. गवत गेलं."

"गवत?" आई हादरली. "एवढी शिकलीस, आणि तुला गवत कापायला ठेवलं होतं?"

"कापायला नाही, काढायला! चित्रात! गेममधलं सगळं गवत मी काढायचे."

झिपरी फोनजवळ सरकली. तुला नाही दिसणार, असं ताई म्हणायची, ते कोडं नव्हतंच. साधं खरं होतं.

"कसं होतं ते?" तिने कसंबसं विचारलं.

ताईने आईच्या फोनवर एक छोटा व्हिडिओ पाठवला. तोच उतार होता. वारा आला. सगळं गवत गुणी बाळासारखं उजवीकडे झुकलं, फक्त मधला एक झुबका हट्टाने डावीकडे गेला. वारा थांबला, गवत निवांत बसलं, तरी झुबका आपला उभाच.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. मग झिपरीकडे पाहिलं. मग पुन्हा फोनकडे.

"अगं बाई! हे तर हिचं टाळकं!"

"शाळेला निघतानाचं," बाबांनी दुजोरा दिला.

"ओळखलंत?" ताई हसली. "वाऱ्यात गवत कसं हलावं ते जमतच नव्हतं. मग झिपरीला रोज सकाळी विंचरायला बसवायचे, ते आठवलं. ऑफिसात त्या गवताला सगळे झिपरीच म्हणतात."

"ताई," झिपरी म्हणाली, "तो प्रश्न ना..."

"माहीत आहे. घार नाव वाचता येतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? प्रश्न बरोबरच होता. दुसरं काही काढता येत नव्हतं का, ते तेवढं लागलं."

"येत होतं?"

"हो ग. मला अजगर दिला होता. मीच गवत मागून घेतलं. एवढ्या लांब एकटी बसून अजगर काढला असता, तर कुणाची आठवण आली असती?"

"माझी," बाबा म्हणाले. "रविवारी दुपारी मी तसाच पडलेला असतो."

सगळे हसले. झिपरीही हसली, पण नाक पुसत.

त्या शनिवारी तिच्याशी कुणी पैज लावली नव्हती. तिने आपणहून लिहिलं: "गवत परत लावा. आणि त्यात लपलेला माणूस आमच्या गरीब मशीनवरही दिसू देऊ नका. आम्हाला जमिनीवर हिरवा डाग दाखवा, बास. तिथे कुणी असेल किंवा नसेल."

"गवत कापा म्हणणारी घार तूच ना?" टोपीवाल्या साहेबांनी विचारलं.

"तेव्हा मी ते पाहिलं नव्हतं," तिने उत्तर टाकलं.

साहेबांना युक्ती पटली आणि त्यांनी त्याच रात्री गवत परत लावलं. घार ऐटीत उतारावर गेली आणि पहिल्याच हिरव्या डागातून आलेल्या दोन बाणांनी आडवी झाली. "उठाबशा काढतोय आम्ही!" भोंगाचा आवाज हेडफोनमधून आला, आणि खरं तर खिडकीतूनही.

रविवारी सकाळी आई पर्स अडकवून दारात उभी राहिली. "चल, पार्लरला उशीर होतोय. आणि ऐक, तुला ते गवत दिसेल असं नवीन मशीन घ्यायचं म्हणतायत बाबा."

झिपरी आरशासमोरून उठली. मधला झुबका उभा होता. तिने वर्गात करते तसा हात वर केला.

"आई, बाबा, मला सांगायचंय. नवीन मशीन नको. मी केस कापणार नाही. परीक्षा संपली की मी ताईकडे राहायला जाणार, आणि गवत तिच्याच मशीनवर बघणार. तोवर कंगव्याला मी हातही लावणार नाही. होऊ दे किती गुंता व्हायचाय तो. तो ताईलाच सोडवू दे!"