तिरप्या शेपटीच्या रबरी माशाची मोहीम

श्रीभरतीओहोटी प्रसन्न. शके एकोणीसशे एकेचाळीस, ज्या साली खाडीकाठचे राजे लाडोबा तांडेल यांची लेक सुलभा परमुलखी सासरी गेली, आणि तिचे सासरे काशिनाथराव लग्नाच्या पंगतीत चारचौघांदेखत बोलिले की, "तुमच्या खाडीत चिखल उदंड, मासा नावाला," ते हे साल. तो बोल राजांच्या काळजात गळासारखा रुतला. पुढे माघ मासी व्याही प्रथमच भेटीस आले, आणि गुरुवार म्हणून वरणभातावर भागले, आणि शुक्रवारी दुपारच्या एसटीने परतणार ऐसे ठरले, मग राजांनी ओसरीवर गर्जना केली, "उद्या ताटात माझ्या गरीला लागलेला जिताडा मासा पडेल. न पडला तर गरी पुन्हा हाती धरणार नाही!"

राणी शेवंताबाई आतून हळूच म्हणाल्या, "अहो, बाजारातून आणा ना गुपचूप."

"बाजारचा मासा? व्याह्याला? त्यापरीस खाडीत उडी घेईन!"

मग राजांनी फौजेचा डबा उघडिला. फौज म्हणजे रबराचे मऊ मासे; पाण्यातून ओढले की शेपूट वळवळते आणि जिताडा खरा मासा समजून झडप घालतो. परंतु राजांनी दोन निराळ्या जातींचे रबर एकाच डब्यात कोंडिले होते, आणि गेल्या वैशाखाच्या उन्हात त्या जाती एकमेकींस भिडून, पाघळून, अवघ्या फौजेचा चिकट गोळा जाहला होता. एक हिरवा वीर तेवढा कोपऱ्यात वाचला, तोही जुन्या लढाईत मान फाटलेला आणि शेपूट गमावलेला. राजे खचले नाहीत. त्यांनी सुरी गॅसवर तापविली, आणि मानेच्या फाटल्या कडांमधून फिरविली, आणि कडा वितळताच दाबून धरिल्या, आणि मान जुळली. मग गोळ्यातून त्याच जातीची एक पांढरी शेपूट बरी निघाली, ती डकवू लागले तोच राणीसाहेब कडाडल्या, "अहो, कांद्याची सुरी ती!"

राजांचा हात हलला आणि शेपूट तिरपी बसली.

"जखमी शिपाई आहे गं."

"शिपाई असो नाहीतर सासरा, सुरी नवी आणून द्या!"

शुक्रवारी उजाडता ओहोटी लागली, आणि राजे धक्क्यावर गेले, आणि काशिनाथराव मफलर गुंडाळून मौज पाहण्यास मागोमाग आले. शिपाई पाहून म्हणाले, "व्याहीबुवा, हा मासा की लंगडा नवरदेव?"

राजांनी शिपाई पाण्यात फेकिला. फेकीमागून फेक वाया गेली, आणि दर फेकीस राजे मानेचा सांधा चाचपून पाहात, आणि व्याही जांभया देत. परंतु तिरप्या शेपटीपायी शिपाई पाण्यात खुरडत चालला, जणू घायाळ मासा, आणि घायाळास सोडील तो जिताडा कसला! गरीची काठी वाकली, आणि व्याहीच ओरडले, "ओढा, लाडोबा, ओढा!"

दुपारी डोक्याचा तुकडा चोखीत काशिनाथराव म्हणाले, "मासा बरा आहे. तिखट जरा कमी."

शेवंताबाई म्हणाल्या, "चौथ्यांदा वाढते, मग लागेल तिखट."

तितक्यात एसटी गेली. काशिनाथराव गेले नाहीत.

सारांश, राजांची गरी राजांच्या हाती राहिली, राणीसाहेब खुशाल, व्याही खुशाल, हिरवा शिपाई पुन्हा मान फाटून डब्यात दाखल, या खेपेस एकटा. मृत एकच: जिताडा, माघ वद्य षष्ठी, शुक्रवार, सूर्योदयानंतर थोड्याच वेळाने.