माहेरी राहिलेली झोप

भाऊबीजेला ललिता आवटेबरोबर माहेरी गेलेली तिची झोप परत आली नाही. ती तिथेच राहिली.

ललिता शाळेची रिक्षा चालवत असे. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी ती स्वतःचीच रिक्षा घेऊन कळसगावला भावाकडे गेली. ओवाळणं झालं, जेवणं झाली, दुपारी माजघरात चटईवर तासभर छान डोळा लागला. निघताना घाई झाली. मागच्या सीटवर फराळाचे डबे, भोपळा आणि शेंगांची पिशवी ठेवून तिने रिक्षा चालू केली, तेव्हा झोप फाटकाशी उभी राहून म्हणाली, "येते." ललिता म्हणाली, "ये." आणि मागे न बघता निघाली. झोप पिशव्यांच्या पलीकडे बसली असेल, असं तिला घरी पोचेपर्यंत वाटत होतं.

पहिल्या दोन रात्रींचं जागरण तिने सणाच्या दगदगीवर ढकललं. तिसऱ्या दिवशी भावाला फोन केला. सोपान म्हणाला, आहे की इथंच, बरी आहे, त्याची बायको वनिता हिला शेंगा फोडू लागतेय. कधी येणार म्हणून ललिताने विचारायला सांगितलं. पलीकडे थोडं बोलणं झालं आणि सोपान म्हणाला, "येते म्हणतेय, ताई."

ललिताला धीर आला. चार रात्री तिने पुढच्या दाराची कडी लावली नाही, नुसतं दार लोटून ठेवलं. नवरा दिनकर नळपाणी योजनेवर पाणी सोडणारा वॉलमन होता. तो म्हणाला, अशानं झोप यायच्या आधी मांजर येईल. तिसऱ्या रात्री मांजर आलंही, आणि दूध पिऊन गेलं. झोप आली नाही.

शेजारणींनी उपाय सांगितले. काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. जायफळ उगाळून दुधातून झालं. शंभरापासून उलटं मोजून झालं. एक आला की ललिता पुन्हा शंभरावर जाई. मग तिच्याच लक्षात आलं की हे सगळं झोप घरात असून रुसली असेल तेव्हाचं. झोप परगावी असल्यावर तळपाय घासून ती येणार कुठून?

काळजी वेगळीच होती. सोमवारी शाळा उघडणार होती. रिक्षात आठ मुलं असत, सगळ्यात धाकटं बालवाडीतलं, आणि वाटेत नदीवरचा अरुंद पूल होता. गुरुवारी सकाळी ललिता रिकामी रिक्षा घेऊन शाळेपर्यंत जाऊन बघायला निघाली. शाळेच्या फाटकाशी थांबली तेव्हा पूल कधी ओलांडला ते तिला आठवेना. ती सीटवर तशीच बसून राहिली, आणि येताना रिक्षा पुलापर्यंत आणून पलीकडे ढकलत नेली. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, पेट्रोल संपलं का. ती हो म्हणाली.

तशीच ती दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हस्के कागद पुढे ओढून विचारू लागले. कधी गेली, कुणाबरोबर गेली, निरोप आला का, तिकडे खाऊनपिऊन बरी आहे का. ललिताने सगळं सांगितलं. त्यांनी जीभ बघितली, रक्तदाब मोजला.

"गोळी देता येईल," ते म्हणाले, "पण गोळीने येते ती बदलीवरची झोप. तुमची नव्हे. ती आपली वेळ भरते. शिवाय सकाळी लवकर उठून जात नाही. तिला घेऊन रिक्षा चालवायची नाही."

"मग सोमवारचं काय करू?"

"सोमवारच्या आत आपली आणा. ती नाही आली, तर मुलांच्या घरी फोन करून रिक्षा बंद ठेवल्याचं सांगा. नाहीतर मला शाळेला तसं लेखी कळवावं लागेल."

त्यांनी कागदावर लिहिलं: रुग्णाची झोप माहेरी. सासरच्या माणसाने समक्ष जाऊन आणणे. चहा दुपारी चारनंतर वर्ज्य.

सासरचं माणूस म्हणजे दिनकर. शनिवारी त्याला इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा देऊन ललिताने पाठवलं. काय बोलायचं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तो संध्याकाळी एकटाच परत आला. चेहरा टवटवीत होता आणि उजव्या गालावर चटईची नक्षी उमटली होती.

"अहो, झोप आणायला गेला होतात की घ्यायला?"

दिनकरने प्रामाणिकपणे सांगितलं की तो विषय काढणारच होता, पण ती समोर येऊन बसली आणि पुढचं त्याला आठवत नाही. उठला तेव्हा चहा तयार होता आणि एसटीची वेळ झाली होती. पेढे मात्र त्याने दिले होते.

रविवारी ललिता स्वतः गेली. एसटीने गेली, कारण आता रिक्षा हातात घ्यायची तिला भीती वाटत होती.

भावाच्या घरात सगळं संथ चाललं होतं. दुपारचे बारा वाजून गेले तरी अंगण झाडायचं होतं. वनिता जांभया देत बाहेर आली आणि पाण्याचा तांब्या देता देता हळूच म्हणाली, "वन्सं, बरं झालं आलात. धाकट्या वन्सं आल्यापासून घर नुसतं लवंडलंय. म्हशी ओरडतात तेव्हा आम्हाला जाग येते. डेअरीची गाडी तीनदा निघून गेली." ललिताच्या पाठोपाठ जन्मलेली म्हणून वनिता झोपेला धाकट्या वन्सं म्हणत असे.

"मग सांगायचंस ना तिला."

"काय सांगू? माहेरवाशिणीला जा म्हणायचं का मी? उद्या गावात माझंच नाव होईल."

सोपाननेही हेच सांगितलं. बहिणीच्या झोपेला निघ म्हणणारा भाऊ तो नव्हता. न्यायला कुणी आलं तर मात्र तो अडवणार नव्हता. हे सांगता सांगता तो खांबाला टेकला आणि त्याचे डोळे मिटले.

झोप माजघरात बसली होती. सुपात शेंगा होत्या. अंगाने भरली होती आणि चेहऱ्यावर तजेला आला होता. ललिता तिच्यासमोर खाली बसली. अकरा दिवसांनी एकमेकींना बघत होत्या.

"येते म्हणालीस ना तू?" ललिता म्हणाली. "मी चार रात्री दार उघडं ठेवलं."

"फोन ठेवताना म्हणतात तसं म्हणाले."

"आणि फाटकाशी?"

"फाटकाशी निरोप घेतला. निघताना कुणी जाते म्हणतं का? मी येते म्हणाले, तू ये म्हणालीस. मला वाटलं, मोकळं केलंस."

ललिताने सूप जवळ ओढलं आणि ती शेंगा फोडू लागली. मग तिने विचारलं, तिकडे काय कमी पडलं.

झोप रागावलेली नव्हती. तिने शांतपणे सांगितलं. रोज रात्री दहाला ती दाराशी येई. आत ललिता मोबाइलवर पालकांचे निरोप वाचत असे. मग उठून रिक्षाचं कुलूप बघून येई. मग अंथरुणावर पडून मुलं मोजायला लागे. ते मोजणं संपेपर्यंत झोप बाहेर उभी. कधी एक वाजे, कधी दोन. माहेरी तिला कुणी ताटकळत ठेवत नव्हतं.

"मोजायला नको? जबाबदारी आहे माझी," ललिता म्हणाली.

"रिक्षात मुलं किती?"

"आठ."

"मग रात्री नऊ का मोजतेस?"

ललिताच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी एकदा पाऊस होता म्हणून गडबडीत ईश्वरी नावाची मुलगी शाळेच्या फाटकाशी राहून गेली होती. पुलाशी पोचल्यावर ललिताच्या लक्षात आलं आणि ती परत फिरली. पाच मिनिटांचा खेळ. ईश्वरी शिपायाच्या छत्रीखाली उभी होती आणि रडतही नव्हती. घरच्यांनी काही म्हटलं नाही.

"ती आता सहावीत आहे," झोप म्हणाली. "मोठ्या शाळेत सायकलवर जाते. रिक्षात ती सापडणार कशी? आणि ती सापडल्याशिवाय तू मला आत घेत नाहीस."

खांबाशी सोपान हलकेच घोरत होता. ललिताने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चल."

"ये" म्हणायचं नाही हे आता तिला कळलं होतं.

वनिताने दोघींची ओटी भरली. झोपेच्या ओटीत नारळ घालताना तिचा हात जडावला, पण तिने नारळ पडू दिला नाही.

एसटीत कंडक्टरने दोघींची बायकांची अर्धी तिकिटं फाडली आणि नियम सांगितला: झोपेला पुढे, ड्रायव्हरजवळ बसवायचं नाही. त्या सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या. पहिल्या थांब्याच्या आत बाकावरचे इतर चौघेही माना टाकून झोपले होते. ललिता तेवढी जागी होती. झोप मध्येच उतरून जाईल म्हणून तिने तिचा हात घट्ट धरला होता आणि प्रत्येक थांब्याला ती आहे ना ते बघत होती.

"हेच ते," झोप म्हणाली. ललिताने हात सैल केला, पण सोडला नाही.

घरी आल्यावर झोप आपल्या वेळेची वाट बघत बाहेर अंगणात बसली; संध्याकाळचा चहा झाला नाही. नऊ वाजता ललिताने मोबाइल स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवला. रिक्षाचं कुलूप एकदाच बघितलं. दिनकर केव्हाच झोपला होता. ती अंथरुणावर पडली आणि मोजू लागली. आठ झाले. नववा आकडा ओठावर आला, तो तिने तसाच राहू दिला. सकाळी साडेसहाला पहिल्या घरी हॉर्न वाजवायचा होता.

पुढच्या दाराशी चाहूल लागली. दार लोटलेलंच होतं. झोप उंबऱ्यात उभी होती, तिचा एक पाय आत होता आणि एक बाहेर.

"येते," ती म्हणाली.

ललिता उठून बसली. हे 'येते' येण्याचं की जाण्याचं, ते आवाजावरून कळत नव्हतं. ये म्हणावं तर फाटकाशी झालं तेच व्हायचं. गप्प राहावं तर ती पुन्हा ताटकळायची. ललिता भिंतीकडे सरकली आणि अंथरुणावर जागा केली.

"कडी आतून लाव," ती म्हणाली.

कडी वाजली की नाही, ते सकाळी तिला आठवेना. सहा वाजता तिने जाऊन बघितलं. ती आतून लागलेली होती.