भानुमामांची फायनल

भानुमामांच्या घरी चहाला गेलात तर कप हातातून खाली ठेवू नका. ठेवलात की तो तुमचा राहत नाही. मामा तो उचलतात, टीपॉयच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात आणि म्हणतात, "हा नांदेडचा बॅक. लई आडदांड गडी." मग तुमची बशी सेंटर हाफ होते, बिस्किटाचा पुडा गोलपोस्ट होतो आणि तुमचा उरलेला चहा नांदेडच्या बॅकमध्ये गार होत बसतो.

परळीच्या शाळेत गणित शिकवायला आलो आणि मामांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी माझा कप असा गेला. मला वाटलं, नव्या शेजाऱ्याचं स्वागत असेल. हळूहळू कळलं की गॅसची टाकी आणणारा, मीटरचं रीडिंग घेणारा, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, सगळ्यांना ही मॅच दाखवून झाली आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला, तर मामांनी त्याच्या चार कार्यकर्त्यांना ओसरीवर एका ओळीत उभं केलं आणि फ्री किकच्या वेळी भिंत कशी करतात ते समजावून दिलं. पुढे तो उमेदवार पडला. "भिंतीत फट ठेवली त्यानं," मामा म्हणाले.

मॅच एकच. चाळीसेक वर्षांपूर्वी वीजकेंद्राच्या कॉलनीची टीम अंबाजोगाईच्या मैदानावर नांदेडशी फायनल खेळली आणि अख्ख्या मराठवाड्याची ढाल परळीला घेऊन आली. आपला बीड जिल्हा कुस्तीचा, कबड्डीचा. फुटबॉल म्हटलं की लोक विचारायचे, तो पायानं कावून मारायचा, हात नाहीत का. पण कॉलनीत तेव्हा कुठून कुठून माणसं आली होती. केरळचा थॉमस होता, तो डाव्या बाजूने असा पळायचा की पायाखालची राख उडायची पण बॉल उडायचा नाही, असं मामा सांगतात. दिगंबर म्हणून परळीचाच एक वेल्डर होता, तो पुढे खेळायचा. आणि गोलमध्ये तेलगावचा रंगनाथ. मामा स्वतः खेळाडू नव्हते. वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर नोकरी आणि टीमवर जीव, एवढंच.

आता मामा निवृत्त आहेत. बुटका, काळासावळा माणूस, पांढरा सदरा, पायजमा आणि पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. मुलगा पुण्याला. घरात मामा आणि मामी. मामींना मॅच तोंडपाठ आहे, पण त्या कधी पुढचं सांगत नाहीत. स्वयंपाकघरातून त्यांनी हाक मारली तर मामा म्हणतात, "थांब, बॉल बाहेर जाऊ दे." आणि त्या खरंच थांबतात.

मॅचच्या मध्येच मामा मला विचारतात, "सर, टाइम किती झाला?" पहिल्यांदा मी भाबडेपणाने घड्याळ बघून सव्वासहा सांगितलं. मामांनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं पाहिलं. तेव्हापासून मी अंदाजाने "तीस मिनिटं" म्हणतो. "तीस," मामा समाधानाने मान हलवतात, "आन आपण एक गोल खाली."

पण मॅच खरी रंगायची ती दर रविवारी सकाळी, गफूरभाईंच्या सायकल दुकानात. गफूरभाई फायनलला गेले होते, आणि तिसरे लिंबाजी आप्पा, तेही गेले होते. आप्पा शेळ्या राखतात. त्यांच्या शेळ्या दुकानाबाहेर उभ्या राहून ट्यूबचे तुकडे हुंगायच्या आणि आत हे तिघं नांदेडशी खेळायचे. बोलायचे अर्थात मामा. गफूरभाई पंक्चर काढता काढता फक्त हरकती घ्यायचे.

"नांदेडवाल्यांच्या पायात बूट," मामा सुरू करायचे, "खिळ्याचे. आन आपल्या पोरांच्या पायात कॅनव्हास. दोघं तर अनवाणी. पंधराव्या मिनिटाला त्यांनी गोल केला, तवा आपली सगळी पब्लिक गप. आप्पा, गप होती का न्हाई?"

"गप," आप्पा म्हणायचे.

"मी वरडत होतो," गफूरभाई म्हणायचे.

"तू रेफ्रीला शिव्या देत होतास, ते निराळं. हाफ टाइमला थॉमसनं लिंबू खाल्लं न्हाई. रागानं फेकून दिलं. आन खेळ सुरू झाला तसा सुटला बघा. एक गेला, दुसरा गेला, तिसरा आडवा आला त्याच्या दोन पायांतून बॉल काढला, आन जाळीत. बरोबरी."

इथे मामा उभे राहायचे. पुढची दहा मिनिटं बसून सांगण्यासारखी नसायचीच. शेवटच्या मिनिटांत नांदेडला पेनल्टी मिळते. पब्लिक डोळे झाकून घेते. रंगनाथ गोलमध्ये उभा, दोन्ही हात गुडघ्यावर. मामा त्याच्यासारखे वाकायचे. दुकानात हवा भरायला आलेली माणसंही सायकल धरून जागेवर थांबायची. "त्यो मारणारा डाव्या बाजूला बघत होता. पण रंग्यानं त्याच्या डोळ्याकडं बघितलंच न्हाई, त्याच्या टाचेकडं बघितलं. टाच वळली उजवीकडं. रंग्या उजवीकडं." मामा हात लांब करून दुकानातल्या टायरांवर झेपावायचे. "धरला. नुसता अडवला न्हाई, धरला. आन उठल्या उठल्या लांब मारला, थॉमसकडं. थॉमसनं मधी टाकला, आन दिगंबर पडता पडता..."

"हेड," गफूरभाई म्हणायचे.

"गुडघा."

"हेड बे. मी माझ्या डोळ्यानं बघितला."

"तुला हेड वाटला, कावून की त्यो पडत होता. डोकं बॉलजवळ होतं. लागला गुडघा."

हे भांडण चाळीस वर्षं चालू होतं. आप्पा दोन्हीकडे मान डोलवायचे आणि शेळ्या घेऊन निघायचे. मी गणिताचा माणूस, मला मामांचं नवल वाटायचं. गफूरभाईंच्या गोष्टीत दर महिन्याला काहीतरी बदलायचं, कधी ऊन असायचं, कधी ढग. मामांच्या मॅचमधला एक पास कधी इकडचा तिकडे झाला नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मामा पेनल्टीला येऊन वाकले होते, तेवढ्यात दुकानासमोर एक जीप थांबली. काठी टेकत एक उंच म्हातारा उतरला. धोतर, डोक्याला फेटा, हात पाहावेत तर सुपाएवढे. तो दारात उभा राहून हसत ऐकत राहिला. गफूरभाईंच्या हातातला पाना खाली पडला.

"रंगनाथ? कीपरसाब?"

फायनलनंतर वर्षभरात रंगनाथची बदली विदर्भात झाली होती. तिकडूनच निवृत्त होऊन तो तेलगावला आला, ऊस-कापसाच्या शेतीत पडला, आणि परळीला येणं काही झालं नव्हतं. आज भाचीच्या लग्नाला आला होता. गफूरभाईंनी त्याला मिठी मारली, आप्पांनी डोळे पुसले, कुणीतरी चहा सांगितला. मामा मात्र तसेच अर्धवट वाकलेले राहिले होते. मला वाटलं, आनंदाने माणसाला सुचेनासं होतं ते हेच.

"आता तूच सांग," गफूरभाई म्हणाले, "चाळीस साल झाले. दिगंबरचा गोल हेड होता का गुडघा? ह्यो भानुदास गुडघा म्हणतोय."

"भान्या म्हणतोय?" रंगनाथ हसला. "भान्यानं कुठं बघितली फायनल? त्या दिवशी त्यो माझ्या जागी पट्ट्यावर होता की. मला सुटी न्हवती. बदली माणूस मिळाला तर जा म्हणले. ह्यानं ट्रकमधली जागा सोडली आन माझी शिफ्ट केली, म्हणून मी खेळलो."

तो हे कौतुकाने सांगत होता. मामांच्या पाठीवर थाप मारायला त्याने हात उचललासुद्धा. पण गफूरभाई आणि आप्पा एकमेकांकडे बघू लागले. फायनलच्या दिवशी पब्लिक दोन ट्रक भरून गेली होती. गफूरभाई एका ट्रकमध्ये होते, आप्पा दुसऱ्यात, आणि आजवर प्रत्येकाला वाटत होतं की भानुदास दुसऱ्याच्या ट्रकमध्ये होता.

मामा सरळ झाले. सदरा झटकला. "घरी वाट बघत असतील," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मामींनी चहा दिला. मी कप टीपॉयवर ठेवला, मुद्दाम मधोमध ठेवला. मामांनी त्याला हात लावला नाही. त्या घरातला पहिला पूर्ण कप मी त्या दिवशी गरम प्यायलो.

"तुम्ही सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"पहिल्यांदा खरंच सांगणार होतो," मामा म्हणाले. "टीम आली तवा मी गेटवरच हुबा होतो. कोळशानं काळा झालेलो, नुसते डोळे दिसत होते. मग आठ-पंधरा दिवस एकेकाला धरून विचारलं. तू काय केलंस, तुझ्या पायात बॉल कसा आला. अकरा जणांची मिळून मॅच जोडून घेतली. मग एक डाव कुणीतरी विचारलं, भानुदास, तू तर गेलतास ना? मी हां म्हणलं. सर, ऐकीव मॅच कोण ऐकतंय? आन ती टीम तर पांगली. थॉमस केरळाला गेला, दिगंबर लांबच्या कामावर, बाकीचे कुठं कुठं. कुणीतरी सांगत ऱ्हायला पायजे न्हाई का."

आतून मामी म्हणाल्या, "लगीन होऊन महिना झालता तवा. मलासुदा अंबाजोगाईला नेऊन दाखवणार होते ती मॅच. साडी नेसून बसलेली मी."

मंगळवारी गफूरभाई आणि आप्पा आले. आप्पांनी शेळ्या फाटकाला बांधल्या, म्हणजे बसायच्या तयारीने आले होते. गफूरभाई खुर्चीच्या टोकावर बसले.

"तू खोटं बोललास."

"हां," मामा म्हणाले.

"चाळीस साल."

"हां."

"गुडघा तुला कुणी सांगितला?"

"दिगंबरनं. गुडघा सुजला होता त्याचा. आठ दिवस मीच तेल चोळत होतो."

गफूरभाई दाढीवरून हात फिरवू लागले. "कुठला गुडघा?"

"उजवा."

"आठ दिवस चोळलास?"

"आठ."

"मग गुडघाच असंल," गफूरभाई म्हणाले, आणि आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूला मान डोलवली. चाळीस वर्षांचं भांडण असं मिटल्यावर तिघांनाही जरा चुकल्यासारखं झालं. मामींनी पोहे आणले म्हणून बरं झालं.

गुरुवारी शाळेला सुटी होती. रंगनाथला गुडघे दाखवायला अंबाजोगाईच्या दवाखान्यात जायचं होतं, तो जीप घेऊन थेट मामांच्या दारात आला. "चल भान्या, बस," एवढंच म्हणाला. मामा आढेवेढे घेऊ लागले, तेव्हा मामींनी त्यांची टोपी आणून हातात दिली. मला रंगनाथने सोबतीला घेतलं, काठीपेक्षा सर बरे म्हणाला.

दवाखान्याचं काम दुपारपर्यंत उरकलं. मग रंगनाथने जीप मैदानाकडे घ्यायला लावली. मामा अंबाजोगाईला शंभर वेळा आले असतील, बाजाराला, योगेश्वरीच्या दर्शनाला. मैदानावर ते कधी गेले नव्हते. भिंतीबाहेरून गेले की मान दुसरीकडे वळवत असत, हे त्यांनी जीपमध्येच सांगितलं.

मैदान रिकामं होतं. एका टोकाला गंजलेला गोलपोस्ट, दुसऱ्या टोकाला नुसतेच दोन दगड. मामांनी बूट काढून कडेला ठेवले आणि आत गेले. मधोमध जाऊन उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ज्या माणसाने हजारदा ती मॅच दाखवली, त्याने हळूच विचारलं, "रंग्या, दुसरा गोल कुठल्या बाजूला झाला?"

रंगनाथने काठीने गोलपोस्ट दाखवला. मग जरा खजील होऊन म्हणाला, "खरं सांगू का, मला त्यो दिसलाच न्हाई. मी ह्या टोकाला. तिकडं नुसता धुरळा. लोकं आत पळत आली तवा कळलं. बाकीचं मी तुझ्याकडूनच ऐकलंय बे. तूच मला सांगितलंस पट्ट्यावर."

मामा मग गोलपोस्टपर्यंत चालत गेले. लोखंडाला हात लावून बराच वेळ उभे होते. आम्ही दोघांनी त्यांना हाक मारली नाही.

परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत मामा खिडकीतून बाहेर बघत होते. परळीची धुराडी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "आता सांगायला जरा अवघड जाणार."

"कावून?" रंगनाथने विचारलं.

"मैदान लई ल्हान हाय रे. मी सांगतो त्याच्या निम्मंसुदा न्हाई."

रंगनाथने आपला सुपाएवढा हात मामांच्या गुडघ्यावर ठेवला. "पळताना तेवढंच मोठं होतं," तो म्हणाला. "तू सांगतोस तसंच सांग."